साप चावलेला माणूस

नागपूरला धरमपेठेतल्या ऑफिसात त्या दिवशी सकाळी गेलो तर माझ्या बाकावर एक माणूस निजलेला. निजलेला म्हणजे चांगला ताणून, पाय बाकाबाहेर, तोंड उघडं. म्हटलं, असेल कोणी जंगलाकडून आलेला, पहिल्या गाडीनं निघाला असेल, झोपू दे बिचाऱ्याला. "पाय जरा आत घे बावा," असं म्हणून मी त्याचा पाय उचलला आणि माझा हात झटकन मागं आला. पाय रबराचा होता. गार, गुळगुळीत, आणि माणसाच्या पायाला असावं त्यापेक्षा कमी वजनाचा. आमच्या जीपचा ड्रायव्हर दुर्गेश दारात उभा राहून चहा पीत होता. तो इतका हसला की चहा शर्टावर सांडला. "भेले का गा धम्माभाऊ? मॅडमनं मागवला. आता यालेच चावन साप." मीही हसलो. जन्मभर नाटकात काम केलेल्या माणसाला केव्हाही हसता येतं, त्याचं काही विशेष नाही. पण बसायला जागा शोधत मी उभाच राहिलो, कारण ऑफिसात बाक एकच आणि त्यावर तो.

माझं काम सांगतो, म्हणजे कळेल. मला साप चावतो. कधी वाघ पंजा मारतो, कधी पिसाळलेलं कुत्रं पोटरी धरतं, पण मुख्य म्हणजे साप. आमची संस्था जंगलाला लागून असलेल्या गावांतल्या बायांना शिकवते: रानात जाताना कसं जायचं, शेतात वाघ दिसला तर गर्दी कशी आवरायची आणि त्याला निघून जायला वाट कशी ठेवायची, साप मारत बसायचं नाही, आणि माणसाला चावलंच तर गाडी येईपर्यंत काय करायचं. आता हे शिकवायचं तर कोणीतरी चावलेलं पाहिजे. तो मी. धम्मानंद, राहणार नागपूरला लागूनची वाडी, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामाच्या वरच्या खोलीत, जिथं दिवसरात्र ट्रक मागं घेत असतात आणि कोणीतरी "आने दो, आने दो" ओरडत असतो. त्याच गोदामात मी माल उतरवून घ्यायचो. त्याआधी उभी जवानी झाडीपट्टीतल्या नाटकांत गेली. शेतातला मंडप, समोर हजारो माणसं, आणि मरणाचा प्रवेश आला की मी इतका वेळ घ्यायचो की हार्मोनियमवाला वैतागायचा. लोकांना ते आवडायचं. एकदा मेल्यावर पब्लिकनं पुन्हा मरायला लावलं होतं, खोटं नाही सांगत.

तर गोदामाच्या टेंपोतून गाद्या आणि शिट्ट्या पोचवायला म्हणून मी एकदा उमरेडच्या बाजूच्या एका गावात गेलो. डॉक्टर वैभवी मॅडम चिंचेखाली बायांना समजावत होत्या, आणि पेशंट म्हणून निजायला कोणीच तयार नव्हतं. कोणीच म्हणजे कोणीच. जिजाबाई म्हणून एक बाई आहे तिथं, आवाज असा की बाजूच्या गावचे बैल दचकावेत, ती स्पष्ट म्हणाली, "नाही बाप्पा. साप चावला म्हणून खोटं निजलं का खरं होते. आमच्यात नाही निजत कोणी." मॅडम तेव्हा नव्या होत्या, त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. माझ्या लेकीच्या वयाची पोर. मला राहवलं नाही. मी टेंपोवरून उतरलो आणि आडवा झालो. आणि सवयीनं मेलो. साग्रसंगीत मेलो, हातपाय झाडले, आईला हाक मारली, फेस आणला. दोन बाया रडल्या, मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मॅडम धावत आल्या, "अहो, मेलात कशाला? मरायचं नव्हतं, वाचायचं होतं!" त्या दिवसापासून मी वाचतो आहे.

वाचायला शिकणं मरण्यापेक्षा अवघड निघालं, हे सांगून कोणाला पटत नाही. मॅडम शिकवायच्या, नाग चावलेला माणूस असा लोळत नाही हो, त्याच्या पापण्या जड होतात, जीभ जड होते, बोलणं दारू प्यायल्यासारखं होतं. कमी करा धम्मानंद, अजून कमी करा. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी कमी करायला सांगत होतं. वाडीच्या खोलीत आरशासमोर बसून मी पापण्या अर्ध्या मिटायचा रियाज केला. पाय सरळ सोडायचा, तो आपला नाहीच असा. घाबरलेला श्वास हळूहळू सावकाश करत आणायचा. कोणी नाव विचारलं की सांगायचं, चिडायचं नाही, उठून पळायचं नाही, कडुनिंबाचा पाला गोड लागतो की कडू हे पाहायला कोणी तोंडात कोंबायला आलं तर मान फिरवायची. मोठी भूमिका होती ती, पण संवाद फक्त स्वतःचं नाव.

आणि हात. हातांचं कोणाला बोललो नाही कधी. जमिनीवर आडवं पडलं की वर झाड दिसतं आणि झाडाच्या आत सात-आठ बायांची तोंडं, आणि मग हात येतात. एकीचे हात शेणानं गार झालेले, एकीच्या बोटांना लसणाचा वास, जिजाबाईचा तळवा म्हणजे खरखरीत पायपुसणं, पण कपाळावर ठेवला की बरं वाटायचं. "भाऊ, नाव सांगा. भेऊ नोका. आम्ही आहो." बायको गेल्यापासून मला हात लावणारं कोण? न्हावी, आणि तोही घाईत. माझा बाप गोविंदा याच अंगाच्या एका गावचा. त्या गावात त्याला पाणी वरून ओतत, ओंजळीत, लांबून, की भांडं विटाळू नये. छप्पन साली तो दीक्षा घ्यायला चालत नागपुरात आला, इथंच हमाली करत राहिला आणि परत गेलाच नाही. शेवटपर्यंत गावाचं नाव काढलं की तो उठून अंगणात जायचा. आणि त्याचा मुलगा त्याच मुलखात, चिंचेखाली, भर गावासमोर, घराघरातल्या बायांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला. मी डोळे मिटून घ्यायचो. मॅडमना वाटायचं, पापण्यांचं काम छान जमलंय.

सराव झाला की जिजाबाई माझी मीठमिरच्यांनी दृष्ट काढायची, खोटं ते खरं होऊ नये म्हणून. मॅडम कपाळावर हात मारायच्या. मी म्हणायचो, "बाई, मी नाही मानत हे. माझ्या बापानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत." ती म्हणायची, "तुया बापानं घेतल्या नं? मिरच्या माह्या हाय. बस खाली." बसायचो. आता बापाला हे कळलं असतं तर त्यानं मला बदडलंच असतं, पण एखाद्या बाईनं आपल्याभोवती हात ओवाळून चुलीत मिरच्या टाकाव्या, आपल्यावरची वाईट नजर निघून जावी म्हणून मनापासून खोकावं, याला काय म्हणायचं, ते प्रतिज्ञेत नाही लिहिलेलं.

तर असं सगळं असताना बाकावर हा रबराचा. मॅडम आल्या, मला पाहून हसल्या, म्हणाल्या, "भेट झाली का? हा आपला नवा पेशंट. छाती दाबायचा सराव जिवंत माणसावर करता येत नाही ना. आणि खरं सांगू? मागच्या उन्हाळ्यात उठताना तुमचा तोल गेला ते मी पाहिलं. तुमचं बीपी काय, वय काय, तापल्या मातीत मी तुम्हाला लोळवते, मला रात्री वाईट वाटतं." "मग मी?" मी विचारलं. नाटकात असा प्रश्न विचारताना दोन पावलं पुढं यायचं असतं. मी भिंतीला टेकूनच विचारला. "तुम्ही या ना. तुमच्याशिवाय कसं होईल? सामान उचलायला-ठेवायला," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या थर्मासातला अर्धा चहा मला दिला. बरं, हिच्यावर रागावावं तरी कसं? मायेनंच काढत होती मला. चहात साखर नव्हती, माझ्यासाठीच घातली नव्हती. उचलायला-ठेवायला. चांगला शब्द आहे, हमालाच्या पोरानं का लाजावं त्याला, पण घशाखाली उतरत नव्हता.

जीपमध्ये मॅडम पुढं बसल्या, मागं मी आणि तो. दोरी आणि बादल्या घ्यायला आधी इतवारीच्या बाजारात शिरलो, तिथं नेहमीप्रमाणे हातगाड्या, टेंपो आणि शिव्या यांची गाठ बसलेली. एका हातगाडीवाल्यानं आत डोकावून पाहिलं, उघडं तोंड, निर्जीव डोळे, आणि बिचाऱ्यानं डोक्यावरचा गमछा काढून हात जोडले. "कधी गेले गा?" मी म्हटलं, "अजून नाही गेले. आता नोकरीवर चालले." दुर्गेश स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. पुढं उमरेडचा रस्ता लागल्यावर प्रत्येक खड्ड्याला त्याचं मुंडकं माझ्या खांद्यावर पडायचं. मी ढकलायचो, ते पुन्हा पडायचं. "मेल्या, नीट बस," मी हळूच म्हणालो. मनात काय काय चाललं होतं! वाटे, याला काय ठाऊक आहे? याला पापण्याच नाहीत. मुंगी चावली तरी पाय न हलवता पडून राहणं याला काय ठाऊक? मग वाटे, तेच तर, याला मुंगी चावतच नाही, याचा तोल जात नाही, याचं बीपी नाही, याची बायको मेलेली नाही. यापेक्षा चांगला पेशंट मिळेल कुठं? आणि मी परत वाडीला जाईन, दिवसभर ट्रक मागं घेताना ऐकत बसेन, आणि मला नाव विचारणारं कोणी उरणार नाही. हे मी असं सरळ मनाशी बोललो आणि माझीच मला कीव आली. मग खिडकीबाहेर पाहत बसलो.

गावात बाया जमल्याच होत्या. रबराला पाहून पदर तोंडाला लावून अशा हसल्या की विचारू नका. "हा कोणाचा जावई वं?" जिजाबाईनं विचारलं. मॅडमनी त्याला चिंचेखाली निजवला आणि छाती दाबायची कशी ते दाखवलं. आणि इथं खरं तेच सांगतो, काम फार छान झालं. माझ्या छातीवर ज्या बाया बोटं टेकवून लाजत मागं व्हायच्या, त्या गुडघे रोवून दाबायला लागल्या. परपुरुष नाही, दुखणं नाही, लाज नाही. एक थकली की दुसरी पुढं. जिजाबाईनं तर असा जोर लावला की आतली कमान कटकट वाजली आणि मॅडम टाळ्या पिटून म्हणाल्या, "वाचला हा, वाचला!" मी पाण्याच्या पिंपाजवळ बसून गडवे भरून देत होतो. मला राग कशाचा आला? तर ते चांगलं चाललं होतं याचा. वाईट चाललं असतं तर मी मोठ्या मनाचा झालो असतो.

मग साप चावल्याचा सराव. जिजाबाई रबराच्या डोक्याशी बसली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि शिकलेलं म्हणाली, "भाऊ, नाव सांगा." तो काय सांगतो? सगळ्या त्याच्या उघड्या तोंडात वाकून पाहायला लागल्या. "समजा, त्यानं सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "काय सांगतलं?" जिजाबाईनं विचारलं. बाया पुन्हा हसायला लागल्या, आणि हसता हसता एकदोघींनी माझ्याकडं पाहिलं. मी गडवा विसळत बसलो. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, हा नाही चालत."

जिजाबाईची सून होती ती, भूमिका. मागच्या खेपेला दिसली नव्हती, मला वाटलं माहेरी गेली असेल. वाळलेली दिसत होती. ती पुढं आली आणि रबराच्या पलीकडं उभी राहिली. "मले चावला नं, मॅडम. खराच." मॅडमनी मान हलवली, त्यांना फोनवर कळलं होतं, म्हणूनच आजचा दिवस त्यांनी या गावाला दिला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं सांगितलं ते असं. भादव्यात ती काड्यांच्या ढिगातून सरपण ओढत होती, आणि नागानं पायाला धरलं. गाव गोळा झालं. कोणी पाला आणा म्हणे, कोणी मांत्रिकाकडं न्या म्हणे, कोणी नागाला शोधत काठी घेऊन पळालं. सासूनं सगळ्यांना आवरलं, गाडी बोलावली, शिकल्याप्रमाणे पाय हलू नये म्हणून त्याला काड्या बांधल्या. "आत्याबाईले तं सारं येत होतं," भूमिका म्हणाली, "पण मले कोण शिकवलं होतं? ज्याले चावलं त्यानं कसं राहाव, हे मले कोण सांगतलं होतं? असं वाटे का उठाव अन् पयत सुटाव. मंग मले धम्माभाऊ आठवले. ते कसे निजते. पाय सोडून देते, श्वास हळू घेते, नाव इचारलं का नाव सांगते. मी तशीच निजली. मनात म्हटलं, भूमिका, आता तू धम्माभाऊ हाय. या माणसाले येवढ्या खेपा साप चावला, अन् दर खेपी उठून चहा पेते."

बाया हसल्या. मला हसता आलं नाही. केव्हाही हसता येतं असं वर म्हणालो ते खोटं ठरलं. मी ज्या हातांसाठी निजत होतो, त्या हातांना शिकवतो आहे असं मला वाटायचं. निजण्याचं काम कोणी पाहत असेल, ते कोणाच्या अंगात उतरत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. इतक्या वर्षांत नाटकाला हजारो लोक आले, टाळ्या पडल्या, पण माझं काम अंगावर घालून कोणी दवाखान्यापर्यंत गेलं नव्हतं. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांना ते लपवताही येत नव्हतं. "धम्मानंद," त्या म्हणाल्या, "निजता का?"

मी उठलो. गुडघा वाजला, तरी उठलो, सदरा झटकला, अगदी नव्या नाटकाला उभा राहतो तसा. आणि भूमिका म्हणाली, "नाही भाऊ. तुम्ही बी नाही चालत." मी होतो तिथंच थांबलो. ती खाली बसली, पाय पुढं केला आणि बोट दाखवलं. अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती काळा वळ होता, मांस खाली दबलेलं, आणि नवं जोडवं त्याच्या पुढच्या बोटात घातलेलं. "तुमच्या पायात जोडवी नाही," ती म्हणाली. "आम्ही सारं तुमच्यावर शिकलो. चप्पल काढली, काड्या बांधल्या. जोडवी काढाचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, अन् ध्यानात आलं असतं तरी कोणी काढली असती? पाय असा सुजला का जोडवं आत गेलं. दवाखान्यात कापून काढलं. डॉक्टर म्हणे, अजून उशीर झाला असता तं बोट गेलं असतं. साप चावला तवा मी नाही रडली, जोडवं कापलं तवा रडली. वाटलं, माहा नवरा गेला." हे म्हणताना तिनं सासूकडं पाहिलं नाही. जिजाबाई जमिनीकडं पाहत होती. नवरा जिवंत असताना बाईच्या पायातली जोडवी काढायची, तीही त्याच्या आईनं! मीठमिरच्यांनी उतरणारी गोष्ट नव्हती ती.

"आज मी निजतो," भूमिका म्हणाली. जिजाबाईच्या तोंडून शब्द फुटला, "वं, खोटं निजलं का..." आणि सून म्हणाली, "आत्याबाई, खरं होऊन गेलं माह्यावालं. आता काय होते?" आणि ती आडवी झाली. त्या गावातली पहिली बाई. दुर्गेशनं रबराला उचलून सावलीत नेऊन ठेवलं. माझी जागा गेली होती. त्यानं नाही घेतली, हिनं घेतली, आणि मला जो राग यायला हवा होता तो कुठं गेला होता कोण जाणे. मी तिच्याकडं पाहत होतो. पाय सरळ, तो आपला नाहीच असा सोडलेला. पापण्या अर्ध्या. श्वास आधी उथळ, मग सावकाश. एकन् एक जागा बरोबर. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बघा, बघा, किती कमी करते आहे पोरगी!

"आता जोडवी काढा," मॅडम म्हणाल्या. कोणी हललं नाही. जिजाबाईनं हात पुढं केला आणि मागं घेतला. मग मोठ्यानं नाही, तिला शोभत नाही इतक्या हळू म्हणाली, "धम्माभाऊ, माह्या हातानं नाही होत गा. माहा पोरगा हाय तो. तुम्ही मानत नाही नं? तुम्ही काढा."

मी तिच्या पायाशी बसलो. इतकी वर्षं या खेळात आहे, पण या बाजूला कधी बसलो नव्हतो. वर झाड नव्हतं, हात नव्हते, समोर एका बाईचा भेगाळलेला पाय होता आणि सगळं गाव माझ्या पाठीशी. मी जोडव्याला हात घातला. "भाऊ! आधी नाव इचारा!" बाया ओरडल्या. हजारोंसमोर पल्लेदार भाषणं केलेला मी, मला दोन शब्द सुचेनात. "पोरी, नाव काय तुझं?" "भूमिका." "भिऊ नको. आम्ही आहो." जोडवं फिरवलं, ओढलं, ते पेरावर अडलं. मी मानत नाही. माझा बाप मानत नव्हता. आणि माझा हात कापत होता, कारण हिचा नवरा तिथंच बाजूला सायकलला टेकून उभा होता, चांगला धडधाकट, आणि त्याला काही होऊ नये असं मला फार फार वाटत होतं. भूमिकेनं एक डोळा उघडला. "काहून कापून राहिला हात? मी वाचतो नं, भाऊ." "बोलू नको," मी म्हटलं, "तुझी जीभ जड झाली आहे." आणि पहिलं जोडवं निघून माझ्या तळहातावर आलं.

नवऱ्याकडं सगळ्यांनी एकदम पाहिलं. तो गोंधळला, बिचाऱ्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला, आणि बाया अशा फुटल्या हसायला की जिजाबाईसुद्धा हसली, रडतच हसली. मी दुसऱ्या पायाकडं वळलो. तोच तो पायपुसण्यासारखा हात माझ्या मनगटावर पडला.

"सरका गा," जिजाबाई म्हणाली. "असं ओढलं तं बोट निंघन पोरीचं." तिनं पदरानं डोळे पुसले, सुनेचा पाय मांडीवर घेतला, बोटाला थुंकी लावली.

मी सरकलो.